तेवढं व्हॅल्युएशन बसवून द्या

शून्य तास म्हणजे मंगळवार, २४ सप्टेंबर २०१९ ची सकाळ. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेच्या १३७ शाखा उघडायची वेळ. पितृपंधरवडा चालू होता. भांडुप, मुलुंड, सायनच्या शाखांसमोर शटर वर जायच्या आधीच माणसं उभी होती, कारण मोबाईल आधीच वाजले होते. पुढचे सहा महिने खात्यातून एक हजार रुपयांच्या वर काढता येणार नाहीत. खात्यात पंधरा हजार असोत की पंधरा लाख, मिळणार एक हजार.

वर्तमानपत्रांनी या घटनेचा शेवटचा आठवडा तासातासाने मांडला. तो वाचायला थरारक आहे, पण त्यातून कळत फार कमी. बँक त्या आठवड्यात बुडालीच नाही, त्या आठवड्यात ती बुडाल्याचं फक्त बाहेर आलं. म्हणून घड्याळ बरंच मागं न्यावं लागेल, आणि मधे एकदा परभणीतही थांबावं लागेल. मुंबईच्या बँकेशी आमचा काय संबंध, असं इथं कुणी म्हणू नये. शेजारच्या नांदेडची जय शिवराय नागरी सहकारी बँक याच पीएमसीने आपल्यात विलीन करून घेतली होती. आणि तारण मालमत्तेची किंमत कागदावर कशी चढते, हे बघायला भांडुपपर्यंत जायची गरजही नाही.

९६ हजार ३८४ तास आधी

२५ सप्टेंबर २००८, गुरुवार. अमेरिकेत वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक सरकारने त्या संध्याकाळी ताब्यात घेतली. ३०७ अब्ज डॉलरची मालमत्ता असलेली ही बँक म्हणजे त्या देशातलं आजवरचं सगळ्यात मोठं बँक-बुडीत. तिच्या घरकर्जांत अनेक रोग होते. त्यातला एक आदल्या वर्षीच कोर्टात गेला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांनी एका मोठ्या मूल्यांकन कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की वॉशिंग्टन म्युच्युअलच्या दबावाखाली कंपनीने घरांच्या किमती वाढवून दिल्या आणि बँकेच्या कर्जविभागाला सोयीचे मूल्यांकनकार नेमू दिले.

त्याच्याही आधी, २००० ते २००७ या काळात, तिथल्या ११ हजार मूल्यांकनकारांनी एका अर्जावर सह्या करून तो वॉशिंग्टनला पाठवला होता. कर्ज देणारे आमच्यावर हवा तो आकडा लिहायची जबरदस्ती करतात, नाही लिहिला तर काळ्या यादीत टाकतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अर्ज पोचला. पुढं काय झालं ते जगाने पाहिलं. २००९ मध्ये तिथं नियम आला, की कर्ज विकणाऱ्या माणसाने मूल्यांकनकार निवडायचा नाही. ११ हजार सह्यांनी जे झालं नाही ते बँका बुडाल्यावर झालं.

योगायोग बघा. पीएमसी प्रकरणात मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेने पुढं जो गुन्हा नोंदवला, त्याचा कालावधीही २००८ पासूनच सुरू होतो.

५० हजारांहून जास्त तास आधी

२०१३. मुंबई विमानतळाच्या जागेवरच्या झोपड्या हलवून पुनर्वसन करायचं काम हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे एचडीआयएल या कंपनीकडे होतं. राकेश आणि सारंग वाधवान यांची ही कंपनी, आणि पीएमसीची सगळ्यात मोठी कर्जदार. त्या वर्षी विमानतळ कंपनीने हे कंत्राट मोडलं. झोपडपट्टी पुनर्वसनातून हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात, म्हणजे इथं बांधलं नाही तरी दुसरीकडे बांधायची मुभा विकता येते. एचडीआयएलचा पैसा त्यावर फिरत होता. कंत्राट गेलं, तसा पैसाही अडला.

आता इथं मालमत्तेच्या किमतीचा प्रश्न आला. मुंबई-वसई पट्ट्यातल्या अशा जमिनीची किंमत म्हणजे नुसत्या मातीची किंमत नसते. तिच्यावर उद्या किती मजले चढतील, परवानगी किती चटईक्षेत्राची मिळेल, झोपड्या कधी हलतील, या सगळ्या ‘उद्या’ची ती किंमत असते. एखाद्याने उद्या लवकर धरला तर आकडा दुप्पट, उशिरा धरला तर निम्मा. दोन्ही आकडे खोटे म्हणता येत नाहीत. मूल्यांकनात माणूस वाकवायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही.

पीएमसीचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी नंतर रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात या नात्याचा जुना इतिहास सांगितला आहे. बँक लहान होती तेव्हा वाधवान कुटुंबाने भांडवल दिलं, २००४ मध्ये ठेवीदारांची झुंबड उडाली तेव्हा शंभर कोटी आणून ठेवले. बँकेचे अध्यक्ष वर्याम सिंग हे एचडीआयएलच्या संचालक मंडळावर बसून आलेले. उपकाराची फेड करायला बसलेली बँक कर्जदाराच्या जमिनीची खरी किंमत कुणाकडून काढून घेईल, हे वेगळं सांगायला नको.

तास नोंदलेला नाही

आता परभणी. खाली आहे ते कुठल्या एका शाखेचं किंवा एका माणसाचं नाही. जिंतूर रोड, वसमत रोड, गंगाखेड रोड, कुठंही मार्च महिन्यात हे घडू शकतं, म्हणून आकडेही मीच समजायला धरले आहेत.

बँकेच्या मूल्यांकनकारांच्या पॅनलवरच्या इंजिनिअरला शाखेतून फोन येतो. ‘साहेब, एक फाईल पाठवतोय. पार्टी चांगली आहे. पंच्याहत्तर लाख पाहिजेत त्यांना. तेवढं व्हॅल्युएशन बसवून द्या.’

वाक्य नम्र आहे. ‘साहेब’ आहे, ‘द्या’ आहे. धमकी कुठंच नाही. पण गणित सगळं त्यातच सांगून झालं. मार्जिन पंचवीस टक्के, म्हणजे पंच्याहत्तर लाखांच्या कर्जासाठी मालमत्ता एक कोटीची असायला हवी. इंजिनिअर जागा बघायच्या आधीच उत्तर ठरलं. त्याने आता फक्त रीत भरायची.

तो जातो. तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट, वर दुमजली घर. आसपासच्या व्यवहारांवरून दर निघतो चौरस फुटाला चौदाशे. जमीन झाली ४२ लाख. बांधकामाचे घसारा वजा जाता ३६. एकूण ७८ लाख. यावर कर्ज बसतं साडेअठ्ठावन्न लाखांचं. साडेसोळा कमी पडतात.

मग काय होतं? दर चौदाशेचा एकोणीसशे होतो. कसा? कोपऱ्यावरचा, मुख्य रस्त्याला लागून असलेला एक प्लॉट विकायला आहे, त्याच्या मालकाने सांगितलेली किंमत ‘तुलनात्मक व्यवहार’ म्हणून लिहिली जाते. व्यवहार झालेलाच नाही, पण दलालाने सांगितलं म्हणजे झालं. जमीन ५७ लाख. घराचं वय बारा वर्षं होतं, ते आठ लागतं, घसारा कमी होतो, बांधकाम ४३ लाख. सत्तावन्न आणि त्रेचाळीस, बरोबर एक कोटी. खाली आणखी दोन रकाने असतात, विकून हाती येईल ती किंमत आणि घाईत विकावी लागली तर येईल ती. बहुतेक अहवालांत हे दोन्ही आकडे पहिल्याचे ठरावीक टक्के काढून लिहून टाकतात. खरं तर बँकेला संकटात उपयोगी पडणारा आकडा तोच. पण पहिला फुगला की तोही फुगतो.

यात इंजिनिअर अगदीच लुच्चा असायला लागत नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं. त्याच्याकडे एक तयार उत्तर असतं आणि ते अर्धं खरं असतं. ‘रजिस्ट्रीवर कुठं खरी किंमत असते?’ बरोबर आहे. आपल्याकडे खरेदीखत बहुतेक सरकारी दरतक्त्याच्या जवळपास होतं, वरचे रोख दिले जातात. मुद्रांक शुल्क वाचतं, कर वाचतो. त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या दप्तरात असलेला पुरावा कमी किमतीचा आणि बाजारात बोलली जाणारी किंमत जास्त. या दोहोंमधली जी फट आहे, तिच्यात मूल्यांकनकाराचं सगळं स्वातंत्र्य आहे आणि त्याची सगळी अडचणही. खरी किंमत दाखवणारा कागदच नसेल, तर चढवलेली किंमत खोटी आहे हे तरी कुठल्या कागदावरून सिद्ध करणार? काळ्या पैशाच्या सवयीचा हा दुसरा हप्ता आहे आणि तो बँक भरते.

आणि समजा त्याने ७८ लाखच लिहिले. शाखेतून कुणी ओरडत नाही. फक्त पुढची फाईल येत नाही, त्याच्या पुढचीही येत नाही. पॅनलवर नाव असतं, काम दुसऱ्याकडे जातं. ७८ लाखांचा अहवाल फाईलला लागतही नाही, दुसऱ्याचा एक कोटीचा लागतो. माझ्या मते सगळ्या गोष्टीची कळ इथं आहे. नाकारलेल्या आकड्याची नोंद कुठंच राहत नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यापुढं एकच अहवाल असतो, सही-शिक्क्याचा, फोटोसकट. त्याच्या आधी कुणी ‘नाही’ म्हटलं होतं, हे त्याला कळायची सोयच नाही.

शाखाधिकाऱ्यालाही मोकळं सोडू नये, पण त्याची गोची समजून घ्यावी. त्याच्यावर वरून कर्जवाटपाचं टार्गेट असतं, मार्च एंड असतो, आणि कर्ज थकेल तोपर्यंत त्याची बदली झालेली असते. दबाव त्याच्यापासून सुरू होत नाही, त्याच्यातून फक्त पुढं जातो.

साडेएकोणीस हजार तास आधी

जुलै २०१७, गंगाखेड. आमच्या जिल्ह्यातलं हे प्रकरण मूल्यांकनाचं नाही, पण त्याला खेटून आहे. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्याने ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना पत्ता न लागता, बँकांकडून कर्जं उचलल्याचा गुन्हा गंगाखेड पोलिसांत दाखल झाला. शेतकऱ्यांना हे कधी कळलं? बँकेच्या वसुलीच्या नोटिसा दारात आल्या तेव्हा. ज्याने बँकेची पायरी चढली नाही, त्याच्या नावावर थकबाकी.

कारखान्याचे प्रमुख रत्नाकर गुट्टे यांना मार्च २०१९ मध्ये अटक झाली. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण बँकांच्या बाजूचा प्रश्न निकालासाठी थांबत नाही: हजारो माणसांची कर्जं मंजूर होताना एकाही बँकेचा माणूस एखाद्या वस्तीवर जाऊन ‘भाऊ, तुम्ही कर्ज मागितलंय का’ असं विचारून आला नाही? विचारलं असतं तर प्रकरण तिथंच संपलं असतं. सातबारा आहे, आधार आहे, सही आहे, झालं. कागद पूर्ण म्हणजे माणूस पूर्ण.

पीएमसीच्या भांडुपच्या मुख्यालयात त्याच काळात याची उलटी बाजू चालू होती. इथं खऱ्या माणसांच्या नावावर न मागितलेली कर्जं होती, तिथं मुळात नसलेली कर्जं.

१७ हजार तास आधी

१८ ऑक्टोबर २०१७. केंद्र सरकारने कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे नियम जाहीर केले. परीक्षा, नोंदणी, आचारसंहिता, शिस्तभंगाची कारवाई, सगळं त्यात आलं आणि देखरेख दिवाळखोरी मंडळाकडे दिली. याआधी मूल्यांकनकारांची सरकारी नोंदणी होती ती संपत्ती कर कायद्याखाली, आणि तो करच सरकारने २०१५ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला होता.

ऐकायला उत्तम. अडचण एवढीच, की हे नियम कंपनी कायदा आणि दिवाळखोरी कायद्याखालच्या मूल्यांकनाला लागू. कंपनी बुडाल्यावर तिची किंमत काढणारा नोंदणीकृत हवा. पण ती बुडायच्या आधी, तिला कर्ज देताना, तारणाची किंमत काढणारा मात्र बँकेच्या स्वतःच्या पॅनलवरचा. तिथं रिझर्व्ह बँकेच्या २००७ सालच्या सूचना आहेत: संचालक मंडळाचं धोरण हवं, मूल्यांकनकाराचा मालमत्तेत हितसंबंध नको, पन्नास कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल हवेत. सूचना चांगल्या आहेत. पण दोन्ही स्वतंत्र माणसं एकाच पॅनलवरची असतात आणि दुसऱ्याला पहिल्याचा आकडा कानावर आलेला असतो, तेव्हा ‘स्वतंत्र’ ते कशाला म्हणायचं?

८४० तास आधी

२० ऑगस्ट २०१९. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने एचडीआयएलची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. ही उघड बातमी होती. शेअर बाजाराला कळलं, वर्तमानपत्रांना कळलं. पीएमसी बँकेच्या मार्च २०१९ च्या ताळेबंदात मात्र ठेवी ११ हजार ६१७ कोटी, कर्जं ८ हजार ३८३ कोटी, नफा जवळपास शंभर कोटी आणि थकीत कर्जं अवघी २.१९ टक्के. सगळ्यात मोठा कर्जदार दिवाळखोरीच्या दारात असताना थकबाकी सव्वादोन टक्के! आणि याच सुमारास, बँक ऑफ इंडियाची देणी मिटवायला पीएमसीने एचडीआयएलला आणखी ९६.५ कोटी दिल्याचं नंतर वृत्तपत्रांत आलं.

१६८ तास आधी

१७ सप्टेंबर, मंगळवार. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. परभणीत नेहमीप्रमाणे झेंडावंदन झालं, भाषणं झाली. मुंबईत त्या आठवड्यात बँकेच्या कर्जविभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला खरं काय ते सांगितलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेत, लेखापरीक्षक, तपासणी अधिकारी, पतमानांकन, सगळ्यांच्या हातून जे निसटलं ते पगारी कारकुनी करणाऱ्या बायकांनी बाहेर काढलं. त्यांचं कौतुक नंतर फारसं कुणी केलं नाही.

१२० तास आधी

१९ सप्टेंबर, गुरुवार. रिझर्व्ह बँकेची तपासणी सुरू झाली. जे सापडलं ते असं: एचडीआयएलशी संबंधित ४४ कर्जखाती लपवायला २१ हजार ४९ बनावट खाती दाखवलेली. त्यांच्या रकमा छोट्या, डोळ्यात न भरणाऱ्या. ती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती, तपासणीला द्यायच्या यादीत फक्त नावं होती. एका गटाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यायची तेव्हा नागरी बँकांना मुभा होती. इथं एकूण कर्जातले सत्तर टक्क्यांहून जास्त एका घरात गेले होते.

मूल्यांकनाच्या बाजूने बघा. छोट्या खात्यांत तारण विचारायची फार गरज पडत नाही, आणि मोठी खाती यादीत नाहीतच. म्हणजे मोठ्या तारणाचा अहवाल उघडून ‘ही जमीन खरंच एवढ्याची आहे का’ असं विचारायची वेळ तपासणी अधिकाऱ्यावर आलीच नाही.

९६ तास आधी

२० सप्टेंबर, शुक्रवार. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात कंपनी कर कमी केला. सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंकांनी उडाला. टीव्हीवर दिवसभर तेच.

७२ तास आधी

२१ सप्टेंबर, महिन्याचा तिसरा शनिवार, म्हणून बँका उघड्या. निवडणूक आयोगाने महाराष्ट्र विधानसभेची तारीख जाहीर केली. गंगाखेडमध्येही हालचाल सुरू झाली. पुढच्या महिन्यात रत्नाकर गुट्टे तुरुंगातून निवडून आले. मतदारांनी काय विचार केला असेल यावर आमच्याकडे अजून वाद होतो, पण तो या लेखाचा विषय नाही.

त्याच दिवशीच्या तारखेचं जॉय थॉमस यांचं पत्र रिझर्व्ह बँकेकडे गेलं. कबुलीजबाब म्हणून ते गाजलं. मला त्यातली वेगळी जागा महत्त्वाची वाटते. लेखापरीक्षकांना वेळ कमी असायचा, ते वर्षभरात नव्याने वाढलेली कर्जंच बघायचे, जुनी सगळी खाती उघडून बघत नसत, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. म्हणजे एखाद्या जमिनीची किंमत एकदा फुगवून फाईलला लागली, की पुढं वर्षानुवर्षं तिला हात लावणारं कुणी नव्हतं. जमीन तीच, अहवाल तोच, व्याज मात्र चढत होतं, आणि चढलेलं व्याज नव्या कर्जात घालून जुनं कर्ज ‘चांगलं’ ठरत होतं.

४८ तास आधी

रविवार. अमेरिकेत ह्यूस्टनला पंतप्रधानांची मोठी सभा झाली. पीएमसीची एटीएम यंत्रं पैसे देत होती.

२४ तास आधी

२३ सप्टेंबर, सोमवार. सेन्सेक्स पुन्हा हजारावर अंकांनी वर. पीएमसीच्या शाखा नेहमीसारख्या उघडल्या. पैसे भरायच्या खिडकीवर पैसे भरून घेतले गेले, मुदत ठेवींच्या पावत्या दिल्या गेल्या. त्या दिवशी सकाळी ज्यांनी पगार, पेन्शन, दुकानाचा गल्ला भरला, त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. वरच्या मजल्यावर काय चाललंय हे खिडकीवरच्या कारकुनालाही माहीत नसणार. पण बँकेवर निर्बंध घालायचे हे जर ठरलंच होतं, तर त्या शेवटच्या दिवसाच्या ठेवी घेऊ दिल्या कशाला, याचं उत्तर कायद्यात सापडलं तरी न्यायात सापडत नाही.

संध्याकाळी कामकाज संपताना बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्देश लागू झाले. नवं कर्ज नाही, नवी ठेव नाही, काढायची मर्यादा एक हजार. संचालक मंडळ गेलं, प्रशासक म्हणून जे. बी. भोरिया आले.

शून्य

सकाळी खातेदारांच्या मोबाईलवर थॉमस यांच्या नावाचा संदेश फिरला: जबाबदारी माझी, सहा महिन्यांच्या आत सगळं ठीक करू, अशा आशयाचा. शाखांसमोर रेटारेटी. गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव होते, कारण कित्येक सोसायट्यांचा देखभाल निधी याच बँकेत. रिक्षावाले, छोटे दुकानदार, निवृत्त माणसं. गुरुद्वारांच्या आणि छोट्या पतसंस्थांच्या ठेवीही अडकल्या. ठेव विम्याचं संरक्षण तेव्हा एक लाखाचं.

त्यानंतर

अठ्ठेचाळीस तासांत एक हजाराचे दहा हजार झाले. त्याआधी, निर्बंधांच्या दुसऱ्याच दिवशी, नऊ बँका बंद होणार अशी अफवा व्हॉट्सअपवर पसरली, रिझर्व्ह बँकेला ती खोडावी लागली. ३० सप्टेंबरला गुन्हा नोंदला, नुकसान ४ हजार ३५५ कोटींचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाधवान पितापुत्र, थॉमस, वर्याम सिंग अटकेत गेले. न्यायालयाबाहेर निदर्शनं करून घरी गेलेला एक खातेदार त्याच दिवशी हृदयविकाराने वारला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखापरीक्षकांना अटक झाली.

मूल्यांकनकारांची पाळी या सगळ्यांनंतर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने दोघांना पकडलं. एचडीआयएलने गहाण टाकलेल्या मालमत्तांच्या किमती वाढवून दाखवल्याचा त्यांच्यावर आरोप. ते दोषी की निर्दोष हे न्यायालयाने ठरवायचं. मला खटकतो तो क्रम. कर्जाच्या फाईलमध्ये मूल्यांकनाचा कागद सगळ्यात आधी लागतो, तो नसेल तर पुढची एकही सही होत नाही. तपासात तोच कागद निर्बंध लागल्यावर जवळपास साडेतीन हजार तासांनी उघडला गेला. आणि अटक झाली ती आकडा लिहिणाऱ्याला. तो लिहून मागायला कुणाचा फोन जातो, हे शोधायला कुठली यंत्रणा कधी बसल्याचं ऐकिवात नाही. फोनचं रेकॉर्ड फाईलला लावत नाहीत.

एप्रिल २०२० मध्ये एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने मूल्यांकनकारांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्र सरकारला दिला. या व्यवसायाला सनदी लेखापालांसारखी स्वतःची राष्ट्रीय संस्था असावी, असं त्यात सुचवलं. मसुदा मसुदाच राहिला. तो कायदा झाला असता तरी एक गोष्ट उरतेच: काम वाटायचा अधिकार शाखेच्या हातून काढून घेतल्याशिवाय आणि पहिला, नाकारलेला अहवालही जपून ठेवायची सक्ती केल्याशिवाय, सनद असलेला माणूसही त्याच फोनची वाट बघत बसणार. संगणकावर फाईल आपोआप पुढच्या नावाला जाईल, आणि आलेला प्रत्येक आकडा पुसता येणार नाही अशा जागी राहील, एवढी सोय करायला नवा कायदाही लागत नाही. बँकांच्या हातात आहे ते. म्हणूनच होत नसावं.

जून २०२० मध्ये अध्यादेश आणि सप्टेंबरमध्ये कायदा करून सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले. ठेव विमा त्याआधीच, फेब्रुवारीत, पाच लाखांवर नेला होता. २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ठेवीदारांना आधी विम्याचे पाच लाखांपर्यंत, मग एक, दोन, तीन, चार, पाच वर्षांच्या शेवटी टप्प्याटप्प्याने पैसे, असं ठरलं. ज्यांच्या ठेवी पंधरा लाखांच्या वर होत्या, त्यांची उरलेली रक्कम विलीनीकरणापासून दहा वर्षं पुरी झाल्यावर, म्हणजे जानेवारी २०३२ मध्ये. तासांत ८७ हजार ६४८. साठीला पोचलेल्या कुणी निवृत्तीचे पैसे २०१९ मध्ये तिथं ठेवले असतील, तर शेवटचा हप्ता घ्यायला ते बहात्तराव्या वर्षी जातील.